शाब्दिक उदाहरणावरून पदावली मांडताना मुलं नेमकी कुठे चुकतात? (आठवी शिष्यवृत्ती, एनएमएमएस)

गणितताई, जत

नमस्कार. आठवीच्या वर्गाची शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस (केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) यांची तयारी चालू आहे. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात ७५ प्रश्न, त्यातले ५० गणिताचे, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा मिळत नाही. समीकरण तयार दिलं तर वर्गातली बहुतेक मुलं ते सोडवतात. गाडी अडते ती त्याच्या आधी, मांडणी करताना. वह्यांमधून काढलेले चार नमुने देते. (पेपरात रोमन अक्षरं असतात, इथे टाइप करायला क्ष, य वापरते.)

१. "एका दोन अंकी संख्येतील एकक स्थानचा अंक दशक स्थानच्या अंकाच्या दुपटीपेक्षा १ ने जास्त आहे. अंकांची अदलाबदल केल्यास मिळणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे." यात मूळ संख्या लिहिली क्ष(२क्ष + १).

२. "आईचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. ५ वर्षांपूर्वी ते मुलाच्या वयाच्या चौपट होते." मांडणी: ३क्ष − ५ = ४क्ष − ५.

३. क्ष = −३ असताना −क्ष² + २क्ष ची किंमत काढली ३.

४. (क्ष + ६)/६ मध्ये वरचा ६ आणि खालचा ६ काटून उत्तर क्ष.

सूत्रं पाठ आहेत, पाढे चोख आहेत, तरी हे होतं. मुलं चिन्हं वाचत नाहीत, नुसती बघतात असं मला वाटतं. वाचायला शिकवायचं कसं?

आकडेमोड, सांगली

ताई, तुम्ही दुखणं बरोबर ओळखलंय. नमुना १ आणि २ वर मी लिहितो, ३ आणि ४ वर दुसरं कोणी लिहीलच.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांकडे एक मोठी सोय आहे आणि आपण ती वापरत नाही. मराठी वाक्यांशात जो शब्द शेवटी येतो, तीच पदावलीतली (संख्या, अक्षरं आणि चिन्हांनी लिहिलेल्या राशीतली) शेवटची क्रिया असते. "क्ष आणि य यांच्या बेरजेचा वर्ग" यात शेवटी वर्ग, म्हणजे आधी बेरीज आणि मग वर्ग: (क्ष + य)². "क्ष आणि य यांच्या वर्गांची बेरीज" यात शेवटी बेरीज: क्ष² + य². शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. २५ आणि १६ घेऊन फळ्यावर दाखवा. "फरकाचे वर्गमूळ" म्हणजे √(२५ − १६) = ३. "वर्गमूळांतील फरक" म्हणजे ५ − ४ = १. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की (क्ष + य)² चं क्ष² + य² करणारे निम्मे हात थांबतात.

याची उलटी बाजूही तितकीच करून घ्या. पदावली द्यायची आणि विचारायचं, शेवटची क्रिया कोणती? ३(क्ष + २) हा गुणाकार आहे, ३क्ष + २ ही बेरीज आहे. दोन्हीकडे ३, क्ष आणि २ च आहेत. मुलगा "तीन क्ष अधिक दोन" असं दोन्ही वेळा एकाच सुरात म्हणतो. कंस उच्चारात हरवतो आणि मग वहीतही हरवतो. म्हणून पहिलीला "क्ष अधिक दोन, या सगळ्याची तिप्पट" असंच म्हणायला लावा.

आता प्रत्यय. पदावली बनते ती प्रत्ययांतून. "चा, ची, चे" च्या पुढे पट किंवा अपूर्णांक आला की गुणाकार: क्षची दुप्पट, क्षचा दोन-तृतीयांश. "पेक्षा" कोणाशी तुलना ते सांगतो, "ने" कितीचा फरक ते सांगतो. "क्षपेक्षा ५ ने कमी" म्हणजे क्ष − ५. पण "५ ही क्षपेक्षा कमी आहे" यात "ने" नाही, म्हणून वजाबाकी नाही. ती असमानता आहे, ५ < क्ष. "मधून" ज्याला लागला ते आधी लिहायचं: ७ मधून क्ष वजा म्हणजे ७ − क्ष. भागाकारात "ला" वर जातो, "ने" खाली जातो: २० ला क्षने भागले तर २०/क्ष, २० ने क्षला भागले तर क्ष/२०. शब्दांचा क्रम बदलून फसवतात, प्रत्यय फसवत नाही. मुलांना प्रत्ययाखाली रेघ मारायची सवय लावा, संख्येखाली नको.

"यांच्या" च्या लगेच पुढे बेरीज किंवा फरक आला की तो कंस आहे. "क्ष आणि ५ यांच्या बेरजेची तिप्पट" म्हणजे ३(क्ष + ५). "क्षच्या तिपटीत ५ मिळवले" यात "यांच्या" नाही, कंसही नाही.

तुमचा नमुना २ नेमका इथेच घसरलाय, कारण तिथे कंस सांगणारा शब्द प्रश्नात छापलेलाच नसतो. "५ वर्षांपूर्वी ते मुलाच्या वयाच्या चौपट होते" यातलं "वय" त्या वेळचं आहे, आजचं नाही. मुलांना वाक्य पूर्ण करून वाचायला लावा: मुलाच्या त्या वेळच्या वयाच्या चौपट. त्या वेळचं वय क्ष − ५, त्याची चौपट ४(क्ष − ५). मग ३क्ष − ५ = ४क्ष − २०, क्ष = १५, आई ४५. पाच वर्षांपूर्वी १० आणि ४०, जुळलं. कंस सोडला तर ३क्ष − ५ = ४क्ष − ५ वरून क्ष = ० येतो. वयाच्या उदाहरणात शून्य आलं की आकडेमोड पुन्हा तपासत बसू नये, सरळ कंसाकडे जावं.

नमुना १ मध्ये दोन वेगळ्या चुका दडलेल्या असतात. पहिली तुमच्या वहीत दिसते: अंक शेजारी शेजारी ठेवले की संख्या होते, म्हणून अक्षरंही शेजारी ठेवली. पण बीजगणितात शेजारी म्हणजे गुणाकार. २५ मध्ये २ आणि ५ शेजारी आहेत ते स्थानिक किमतीमुळे, २ × १० + ५ म्हणून. मराठीत यात आणखी एक पेच आहे. आपण "पंचवीस" म्हणताना एकक आधी उच्चारतो. पंच आधी, वीस नंतर. म्हणून काही मुलं १० चुकीच्या अंकाला लावतात. उदाहरण सुरू करण्याआधी वहीत "द" आणि "ए" अशी दोन घरं आखून घ्या आणि घरात राशी लिहा: द मध्ये क्ष, ए मध्ये २क्ष + १. मग मूळ संख्या १०क्ष + (२क्ष + १) = १२क्ष + १.

दुसरी चूक अदलाबदलीत होते. आता दशकाच्या घरात २क्ष + १ आली. तिला १० ने गुणायचं ते अख्ख्या घराला: १०(२क्ष + १) + क्ष = २१क्ष + १०. फरक ९क्ष + ९ = २७, क्ष = २, संख्या २५. उलट केली की ५२, फरक २७, बरोबर. कंस विसरून १० × २क्ष + १ + क्ष केलं तर २१क्ष + १ येतं, फरक ९क्ष = २७, क्ष = ३ आणि संख्या ३७. आता ३७ कडे नीट बघा. एकक ७ हा ३ च्या दुपटीपेक्षा १ ने जास्त आहेच! पहिली अट पाळली जाते, मुलाला वाटतं ताळा जमला, आणि पर्यायात ३७ ठेवलेला असला की वर्तुळ रंगवून मोकळा. ताळा दुसऱ्या अटीवर घ्यायचा: ७३ − ३७ = ३६, २७ नाही. जी अट सर्वांत शेवटी वापरली, तिच्यावर ताळा.

कंसात_बघा, कराड

ताई, ३ आणि ४ माझ्याकडे.

−क्ष² मध्ये वर्ग फक्त क्षचा आहे. वजा चिन्ह त्या वर्गाच्या बाहेर उभं आहे. (−क्ष)² मध्ये ते आत आहे. तसंच २क्ष² आणि (२क्ष)²: क्ष = ३ असताना पहिलं १८, दुसरं ३६. घातांक ज्याला चिकटलाय त्याचाच असतो, कंसाला चिकटला तरच कंसातल्या सगळ्यांचा.

पण नमुना ३ ची चूक नियम न कळल्यामुळे झाली असेल असं मला वाटत नाही. किंमत ठेवण्याची पद्धत चुकतेय. मुलं क्ष खोडून त्या जागी −३ लिहितात, आणि वजा-वजा एकमेकांत मिसळतात. एकच सवय लावा: अक्षर काढलं की आधी त्या जागी रिकामा कंस लिहायचा. −( )² + २( ). मग दोन्ही कंसांत −३ भरायचं: −(−३)² + २(−३) = −९ − ६ = −१५. शिष्यवृत्तीत उणे गुण नसले तरी असे दोन गुण हातचे जाऊ देऊ नयेत.

हाच रिकामा कंस नवीन चिन्हाच्या प्रश्नात लागतो. "अ ★ ब = अ² − २ब असेल तर ३ ★ (−२) = ?" इथे (३)² − २(−२) = ९ + ४ = १३. कंसाशिवाय लिहिणारी मुलं ९ − २ − २ = ५ करतात. अशा चिन्हात डावं-उजवं पक्कं ठेवावं लागतं, कारण अ आणि ब ची कामं वेगळी आहेत. (३ ★ २) ★ १ मध्ये आधी ९ − ४ = ५, मग २५ − २ = २३. ३ ★ (२ ★ १) मध्ये आधी ४ − २ = २, मग ९ − ४ = ५. कंस हलला, उत्तर बदललं.

नमुना ४: अपूर्णांकाची आडवी रेघ म्हणजे कंसच. वर क्ष + ६ ही बेरीज आहे. काटाकाट फक्त गुणकांची होते, पदांची नाही. (क्ष + ६)/६ म्हणजे क्ष/६ + १. क्ष = १२ ठेवा: १८/६ = ३. काटून आलेलं उत्तर १२, त्यामुळे ते खोटं ठरतं. वरती ६(क्ष + १) असतं तर काटायला हरकत नव्हती. इथेही आधी विचारायचं, वरच्या राशीत शेवटची क्रिया कोणती? गुणाकार असेल तरच पेन उचलायचं.

आणि "कंचेभागुबेव" (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) बद्दल थोडं, कारण बुद्धिमत्तेच्या पेपरात ते मुलांना बुडवतं. अक्षरांच्या क्रमावरून मुलांना वाटतं बेरीज वजाबाकीच्या आधी. तसं नाही. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर, आणि एका पायरीवर डावीकडून उजवीकडे. "+ म्हणजे ×, × म्हणजे −, ÷ म्हणजे +, − म्हणजे ÷, तर १८ − ३ + २ × ४ ÷ ५ = ?" चिन्हं बदलून नवीन ओळ लिहा: १८ ÷ ३ × २ − ४ + ५. उत्तर १३. ४ + ५ आधी केलं की १२ − ९ = ३ येतं. ३ × २ आधी केलं की ४ येतं. "चे" मात्र खरंच आधी: २४ ÷ ६ चे १/२ म्हणजे २४ ÷ ३ = ८. तिथे "चे" च्या जागी × लिहून टाकलं तर २४ ÷ ६ × १/२ = २ होईल. चिन्हं मनातल्या मनात बदलू देऊ नका, पूर्ण ओळ पुन्हा लिहायला दहा सेकंद लागतात.

सेमीचे_पालक, मिरज

सेमीच्या (गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या) मुलांसाठी एक इशारा. सांगलीच्या सरांनी सांगितलेला शेवटच्या शब्दाचा नियम इंग्रजी वाक्याला लावू नका, तिथे तो उलटा होतो. "स्क्वेअर ऑफ द सम" मध्ये शेवटची क्रिया सुरुवातीला येते. "फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर" ऐकलं की मुलगा डावीकडून लिहीत जातो, ५ − २क्ष. बरोबर आहे २क्ष − ५. "सब्ट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम" मध्येही तेच. उपाय साधा आहे: इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणायचं, "संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी", आणि त्या क्रमाने लिहायचं.

उलट मराठीतले अपूर्णांकाचे शब्द सेमीच्या मुलांना येत नाहीत. पाऊणपट ३/४, सव्वापट ५/४, दीडपट ३/२, पावणेदोनपट ७/४, अडीचपट ५/२, निमपट १/२. हा तक्ता भिंतीवर असू द्या.

गणितताई, जत

सर्वांचे मनापासून आभार. रिकामा कंस आजच फळ्यावर घेते. आणखी दोन गोष्टी. "लहान पेट्या मोठ्या पेट्यांच्या तिप्पट आहेत" याची मांडणी हुशार मुलंही ३ल = म अशी करतात. प्रत्यय कळूनही हे का होतं? आणि आठवीच्या पेपरात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात, दोन्ही रंगवले तरच गुण. राशींच्या प्रश्नात ते पटकन कसे तपासायचे?

सेमीचे_पालक, मिरज

दुसऱ्याचं सांगते. किंमत ठेवून बघायची. क्ष = १, य = ० घ्या, लगेच होतं.

कंसात_बघा, कराड

ताई, पद्धत बरोबर आहे, पण १ आणि ० नकोत. हा प्रश्न बघा. (क्ष − य)² शी समान राशी कोणत्या? १) (य − क्ष)², २) क्ष² − य², ३) क्ष² − २क्षय + य², ४) (क्ष + य)² − २क्षय. य = ० ठेवलं की चारही पर्यायांचं क्ष² होतं, म्हणजे काहीच कळलं नाही. १ चा वर्ग, घन सगळं १ च. २ सुद्धा टाळा, २ + २, २ × २ आणि २² तिन्ही ४. दोन्ही अक्षरांना एकच किंमतही नको. ५ आणि ३ ठेवा: मूळ राशी ४; पर्याय ४, १६, ४, ३४. पहिला आणि तिसरा. वीस सेकंदांचं काम. दोनपेक्षा जास्त पर्याय जुळले तर मात्र दुसरी जोडी घेऊन पुन्हा बघायचं.

आकडेमोड, सांगली

पेट्यांचं मी सांगतो. तिथे प्रत्यय कळतो, अक्षर कळत नाही. मुलगा "ल" ला लहान पेटी समजतो, लहान पेट्यांची संख्या समजत नाही. म्हणून "३ल = म" तो असं वाचतो: तीन लहान पेट्यांमागे एक मोठी. त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र खरं आहे, लिहिलेलं समीकरण खोटं आहे. तासगावच्या बेदाण्याच्या पेट्याच घ्या आणि आकडे घाला. मोठ्या १०, तर लहान किती? ३०, हे कोणीही सांगेल. आता ३ल = म मध्ये भरा: ९० = १०. मोडलं. ल = ३म मध्ये भरा: ३० = ३०. तीन कोणत्या बाजूला लावायचा? जी रास कमी आहे तिला, म्हणजे दोन्ही बाजू समान होतील.

याचं मूळ पाचवी-सहावीत असतं. "३अ + २ब म्हणजे ३ आंबे आणि २ बोरं" असं सांगून आपण सुरुवात करतो. त्या दिवशी मुलांना पटतं, पण पुढे अब आलं की आंबे गुणिले बोरं म्हणजे काय, याला उत्तर नसतं. अ म्हणजे आंबा नव्हे. आंब्यांची संख्या, किंवा एका आंब्याची किंमत, जे असेल ते, पण संख्याच. म्हणून प्रत्येक शाब्दिक उदाहरणाची पहिली ओळ "... ची संख्या = क्ष" किंवा "... चे वय (वर्षे) = क्ष" अशी पूर्ण लिहून घ्या. "मुलगा = क्ष" ला अर्धा गुण कापला तरी चालेल. आणि वस्तूचं पहिलं अक्षर चल म्हणून वापरणं सध्या बंद ठेवा.

अकरावी_बारावी, फलटण

ही सवय पुढेही उपयोगी पडते, म्हणून दोनच गोष्टी. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष + १) काढताना तोच रिकामा कंस: ( )² − ३( ). उत्तर क्ष² − क्ष − २. सीईटीची तयारी करणारी मुलंसुद्धा घाईत फ(क्ष) + १ करून क्ष² − ३क्ष + १ लिहितात. आणि √१६ म्हणजे फक्त ४. ±४ येतो तो क्ष² = १६ या समीकरणातून. √(क्ष²) म्हणजे क्ष नव्हे, क्षचं केवल मूल्य; क्ष = −५ असेल तर ५. आठवीतच हे दोन वेगळे ठेवले तर बरं.

गणितताई, जत

पेट्यांचं आता पूर्ण उलगडलं. फळ्यावर रोज लिहायला थोड्या जोड्या मिळतील का?

आकडेमोड, सांगली

रोज एक जोडी, पाच मिनिटं, सोडवायचं काही नाही. फक्त शेवटची क्रिया सांगायची, पदावली लिहायची, आणि क्ष = ५, य = ३ ठेवून दोन्ही उत्तरं वेगळी येतात का ते बघायचं.

क्ष आणि य यांच्या फरकाची दुप्पट (४). क्षच्या दुपटीतून य वजा (७).
क्षच्या तिपटीचा वर्ग (२२५). क्षच्या वर्गाची तिप्पट (७५).
क्ष आणि य यांच्या बेरजेची निमपट (४). क्षच्या निमपटीत य मिळवले (साडेपाच).
क्षला य ने भागून १ मिळवला (८/३). क्षमध्ये १ मिळवून य ने भागले (२).
क्ष आणि य यांच्या घनांची बेरीज (१५२). क्ष आणि य यांच्या बेरजेचा घन (५१२).

कंसातली उत्तरं फळ्यावर लिहू नका. आणि आठवड्यातून एकदा उलटं करा: पदावली तुम्ही लिहा, मराठी वाक्य मुलांनी. २(क्ष − य) ला कोणी "क्षच्या दुपटीतून य वजा" म्हणालं, तर त्या मुलाला कंस अजून दिसत नाही. त्याला घेऊन पुन्हा पहिल्या जोडीवर यायचं.